गुलाबी बाटली आणि माझं नाक

“आई, शेवटचं सांगते. माझ्या पर्सला येतोय तो तुमच्या जवळ्याचा वास आहे!”

“जवळ्याचा? अगं, जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. तिला फळाफुलांचा वास येतो? बेचाळीस वर्षं पनवेलच्या मासळी बाजारात बसले मी. आणि जिने जन्मात माशाचा काटा हातात धरला नाही, ती मला जवळ्याचा वास शिकवणार?”

“म्हणजे मी चोर आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी नाही म्हणत. माझं नाक म्हणतंय!”

झालं! मंजिरी, म्हणजे माझी सून, ताडकन आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बॅगेची चेन ओढल्याचा. माझा मुलगा रवी दोन खोल्यांच्या मधे दारात उभा होता. एकदा आत बघायचा, एकदा बाहेर बघायचा, आणि दोन्हीकडे फक्त “अगं, पण…” म्हणायचा.

थांबा, थांबा. तुम्हाला एकदम भांडणातच आणून बसवलं, बसायला पाटसुद्धा दिला नाही. चहा घ्या आधी. मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, आणि त्याची मला लाजही नाही. पण यंदाच्या गौरीला मी जे शेण खाल्लं ना, ते आता तुम्हाला सांगूनच टाकते. नाहीतरी गव्हाणच्या आमच्या जावेने ते अर्ध्या तालुक्याला सांगून झालंय. तिच्याकडून ऐकाल त्यापेक्षा माझ्याकडून ऐका. निदान त्यातलं तिखटमीठ माझ्या हातचं असेल.

आधी माझं नाक समजून घ्या. शाळा मी पाहिली ती बाहेरूनच. मराठी वाचायला शिकले मासळी बांधायच्या रद्दीवर, आणि इंग्रजी अक्षरं शिकले न्हावा शेवाला जाणाऱ्या कंटेनरांवरची. ट्रक रस्त्यात अडकले की माझा वर्ग भरायचा. पण नाक मला कुणी शिकवलं नाही, ते जन्माचंच. टोपलीवरचं फडकं न उचलता सांगायचे, वरचा पापलेट आजचा, खालचा कालचा. बाजारातल्या बायका नवीन गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, “त्या बाईला फसवायला जाऊ नका, तिचं नाक बघा!”

आता बाटली.

चाळीसेक वर्षं झाली असतील. पनवेलातल्याच एका लग्नाला गेले होते. दोनदा आंघोळ केली, हाताला लिंबू चोळलं, जरीची साडी नेसले. तरी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने नाकाला पदर लावला आणि खुर्ची जराशी सरकवली. मी काय गप्प बसणार? मीपण खुर्ची सरकवली. तिच्याकडे! ती आणखी सरकली, मी आणखी सरकले. असं करत करत ती मंडपाच्या बांबूला टेकली, तेव्हा कुठे तिला सोडली.

पण घरी येऊन नवऱ्याला सांगताना रडू फुटलं हो मला. ते बंदरात कामाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढे महिन्याभराने कुठल्याशा बोटीवरच्या खलाशाकडून एक बुटकी गुलाबी बाटली घेऊन आले. बूच फुलाच्या कळीसारखं. माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “आता बघू कोण सरकतंय!”

काय सेंट होता तो! बूच काढलं की आधी फळ. पीच म्हणतात त्याला, हे मला फार पुढे कळलं. मी आपली समजत होते की आंब्याचं आणि पेरूचं लग्न लागलंय. मग हळूच अनंताचं फूल. आणि सगळं उडून गेल्यावर मागे राहायची ती नुकत्याच न्हाऊन निघालेल्या बाळाची मान. लग्नकार्याला कानामागे एक थेंब, बस्स. त्यानंतर माझ्या शेजारची खुर्ची पटकावायला बायका भांडायच्या. खोटं वाटतं? विचारा कुणालाही.

नवरा गेला त्याला अकरा वर्षं झाली. बाटलीत दोन बोटं सेंट उरला होता. मागच्या वर्षी मंजिरीने मोबाइलवर त्या बाटलीचा फोटो शोधून काढला आणि म्हणाली, “आई, हा सेंट कंपनीने केव्हाच बंद केलाय. बायका जगभर शोधत फिरतायत. रिकामी बाटली मिळाली तरी हुंगत बसतात म्हणे.”

मी म्हटलं, अस्सं? म्हणजे आता चोरपण शोधत फिरणार! त्या दिवसापासून मी बाटलीवर डोळा ठेवला, आणि घरातल्या माणसांवर नाक.

मंजिरीबद्दल सांगायचं तर, पोरगी साताऱ्याची, शाळेत शिकवते, आणि शुद्ध शाकाहारी. आमच्या घरात शाकाहारी सून, म्हणजे बघा! पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा मी रवीला म्हटलं होतं, ही महिनाभर टिकायची नाही. ती टिकली. स्वतःचा तवा वेगळा ठेवते, पण माझ्या तव्याला कधी नाक मुरडलं नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून औषधाचे थेंबही तीच घालते. रवीने घातले तर एक गालावर, एक कानात आणि उरलेले माझ्या शिव्यांत वाहून जातात. मंजिरी नुसती म्हणते, “वर बघा आई,” आणि थेंब बरोब्बर डोळ्यात. दिवसातून तीन वेळा. भांडण असलं तरी.

तर यंदाची गौर आली. आमच्यात गौर म्हणजे माहेरवाशीण. लाडाची लेक घरी आल्यावर तिला काय वरणभात वाढायचा? तिला मासळीचा नैवेद्य. शेजारी गणपती बसलेला असतो, त्याला दिसू नये म्हणून मधे पडदा लावायचा. आमची घरची गौर गव्हाणला थोरल्या जावेकडे असते. आणि जवळा जायचा तो माझ्याकडूनच, कारण जवळा निवडावा तर मीच. पावसाळ्याआधी आगोटीची खरेदी करते तेव्हा एक मोठा पत्र्याचा डबा ठासून भरते, आणि तो गौरीच्या सकाळपर्यंत कुणी उघडायचा नाही. रोजच्या वापराला छोटा डबा वेगळा. हा माझ्या घरचा कायदा आहे.

त्या सकाळी मी डबा उघडून वानोळा भरायला बसले. एक डबी गव्हाणला, एक वरच्या मजल्यावरच्या नसीमभाभीला. वाटीने जवळा काढतेय, आणि एकदम नाकात शिरला तो वास! माझा सेंट! पीच! अनंत! मान वर करून बघते तर पिवळी साडी नेसून, केसांत गजरा माळून मंजिरी शेजारून चाललेली.

तशीच उठले आणि कपाट उघडलं. साड्यांच्या खाली सेंटचा खोका होता. उचलला तर हलका. आत बाटली नाही!

आता सांगा, तुम्ही काय समजला असतात?

सणाच्या दिवशी तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणून रवी दोनदा विचारून गेला, “आई, बरं वाटत नाही का गं?”

गव्हाणला निघालो. माझ्या हातात फुलांची परडी आणि नारळ, म्हणून जवळ्याची डबी मंजिरीने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. शाकाहारी असून ठेवली हं! पण मला तेव्हा त्याचं काय! रिक्षात तिने रुमालासाठी पर्स उघडली, आणि आला की वास भसकन! मी मनात म्हटलं, सापडलीस.

गव्हाणला जेवणं झाली. रागात मी भाताचे दोन घास गिळले, जवळ्याच्या चटणीला बोटही लावलं नाही. पडद्यामागून स्वयंपाकघरात गेले, तर तिथेही तोच वास! माझी जाऊ हिराबाय चुलीपुढे घामाघूम, आणि तिच्या घराला फुलांचा वास? म्हणजे हिने जावेलाही लावायला दिला! संध्याकाळी घरी आले. नसीमभाभीने शिरखुर्म्याची वाटी कधीची पाठवली होती, ती परत द्यायला वर गेले. तिने दार उघडलं आणि तिथेही तोच! अरे देवा! एकीने चोरला तो चोरला, वर सगळ्यांना प्रसादासारखा वाटला!

चार दिवस मी मनात केस तयार केली. साक्षीदार एकच, माझं नाक. आणि ते फुटणारं नव्हतं.

गणपती गेले, रविवार आला, आणि मग जे झालं ते तुम्ही सुरुवातीला ऐकलंच.

तर बॅग. मंजिरी बॅग घेऊन बाहेर आली. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाली, “मी साताऱ्याला जातेय. ज्या दिवशी तुम्ही स्वतः बोलवाल त्या दिवशी येईन.”

आता पंचाईत बघा. मी जन्मात कुणाला परत बोलावलेलं नाही. सख्ख्या बहिणीशी सोळा वर्षं अबोला धरला होता, तोही शेवटी तिनेच सोडला. आणि ही पोरगी शब्दाची माझ्याइतकीच पक्की. म्हणजे ती त्या दारातून गेली की गेली! मनात आलं, डोळ्यात थेंब कोण घालणार? ते मी झटकून टाकलं, रवी घालेल. मग मनात आलं, “वर बघा आई” कोण म्हणणार? ते काही झटकलं जाईना.

पण तोंडाने काय म्हटलं असेन? “जा! रिक्षा बोलव रे रवी, स्टँडवर सोड तिला!”

नेमकी तेव्हाच हिराबाय दारात. गौरीचा प्रसाद घेऊन आली होती. आरडाओरडा ऐकून नसीमभाभीही वरून खाली आली. मी म्हटलं, बरं झालं, दोघीही आल्या. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!

“हिराबाय, खरं सांग. माझा सेंट हिने तुला दिला की नाही?”

हिराबायने कपाळावर हात मारला. “येशे, डोकं फिरलं का गो तुझं? चुलीपुढं बसून मी मासली तलतेय, ना सेंट कोनाला लावू? गनपतीला?”

“मग तुझ्या घरात वास कसा आला? नसीम, तू सांग!”

“खाला, कसम से, मी अत्तर ईदला तेवढं लावते. तेही मियाँच्या बाटलीतलं, ते बाहेर गेल्यावर.”

“बघा आई!” मंजिरी म्हणाली.

“काय बघा? तिघी एक झालात!”

तेवढ्यात हिराबायने प्रसादाचं ताट टेबलावर ठेवलं आणि घसा खाकरला. “येशे, वासाचा इषय निंगालाच हाय, तर आता बोलतेच. राग धरू नको. यंदाचा तुझा जवला काय बरोबर नव्हता.”

मी गर्रकन तिच्याकडे वळले.

“काय म्हणालीस?”

“बरोबर नव्हता. गौरीला चटनी वाढली, ना घरचे समदे येकमेकांच्या तोंडाकं बगाया लागले. मिरची घातली, कोकम घातला, लसूण ठेचून घातली. तरी चटनी लागते कशी? गुलाबजामावानी! पोरांनी तर चपातीला लावून खाल्ली, जाम म्हनून!”

नसीमभाभी खाली बघत पुटपुटली, “मी बोलणार नव्हते, खाला. पण आमच्या मांजरीनेसुद्धा हुंगून तोंड फिरवलं.”

मांजरीने! माझ्या जवळ्याला!

अहो, सेंट गेला तो गेला. सून चालली होती, तेही एक वेळ गिळलं असतं. पण बेचाळीस वर्षांत माझ्या मालाला कुणी नाव ठेवलं नव्हतं! माझ्या डोक्याची शीर तडतडली. “थांबा इथंच सगळे! कुणी हलायचं नाही! रिक्षावाल्यालाही सांग, थांब म्हणावं. आत्ता आणून दाखवते जवळा. तळातला आणते, म्हणजे वरवरचा चांगला आणला असं म्हणायला नको!”

तरातरा स्वयंपाकघरात गेले. मोठा डबा ओढला, झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत खुपसला. तळाशी बोटं गेली आणि काहीतरी गार लागलं. गुळगुळीत. बुटकं.

हात तिथंच थांबला माझा.

मग आठवलं. सगळं एकदम आठवलं. वैशाखात घराचं रंगकाम काढलं होतं. रंगारी घरभर फिरत होते, कपाटं भिंतीपासून ओढलेली. मी विचार केला, बाटली अशा जागी ठेवावी जिथे कुणाचा हात जाणार नाही. रंगारी जवळ्याच्या डब्यात कशाला हात घालतील? सून शाकाहारी, ती तर झाकणसुद्धा उघडणार नाही. वा! आपल्या हुशारीवर इतकी खूश झाले की चोराला चकवायला रिकामा खोका मुद्दाम साड्यांखाली तसाच ठेवला. चोर काही फसला नाही. फसले ती मीच!

आणि ऑपरेशन, पाऊस, आषाढ, श्रावण, या सगळ्यात ते साफ पुसून गेलं डोक्यातून. इकडे बुचाचं रबर माझ्यासारखंच म्हातारं. तिकडे चार महिने तो डबा बंद. जवळा बिचारा पीचमध्ये आणि अनंतामध्ये मुरत बसलेला. तुमच्या ओठावर आत्ता जी म्हण आलीय ना, ती तिथंच ठेवा. मला पाठ आहे ती.

बाटली बाहेर काढली. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली होती, तिच्यातून कधीच निसटली होती. अंगभर जवळा चिकटलेला, कळीसारख्या बुचावर मिशा फुटल्यासारखा. उजेडात धरली. तळाशी अजून सेंट होता. दोन बोटांचं एक बोट झालं होतं, पण होता. जीव भांड्यात पडला माझा!

पण पुढची गोष्ट खरी सांगते, लपवत नाही. त्या क्षणी स्वयंपाकघरात मी एकटीच होते. बाटली धुवायची, पदराखाली घ्यायची, कपाटात नेऊन ठेवायची आणि ओरडायचं, “अगं बाई, साड्यांच्या मागे सरकली होती!” कोण पकडणार होतं मला? नळ सोडायला हातसुद्धा पुढे केला मी.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. आणि मंजिरीचा आवाज आला, “रवी, बॅग तू घेऊ नकोस. मी घेते.”

हात मागे घेतला. लग्नातल्या त्या बाईने नाकाला पदर लावला होता, तो मला चाळीस वर्षं विसरता आला नाही. आणि मी काय वेगळं करत होते? मीही एका पोरीकडे नाक वर करून बघितलं होतं. तेही तिच्याच घरात, सगळ्यांसमोर.

गेले तशीच बाहेर, जवळ्याने माखलेला हात आणि हातात बाटली.

हिराबायचं तोंड उघडं. नसीमभाभीचा हात ओढणीसकट तोंडावर. रवीने विचारलं, “कुठे सापडली?”

“जवळ्यात.”

“जवळ्यात? तिथे कुणी ठेवली?”

बेचाळीस वर्षं बाजारात ओरडून माल विकलेला गळा, आणि त्यातून आवाज निघेना. शेवटी मंजिरीकडे बघून म्हटलं, “तू खरं बोलत होतीस. तो वास जवळ्याचाच होता.”

माफी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. एवढी लांब माफी मी आजवर कुणाची मागितलेली नाही.

हिराबाय आधी खुदकली. मग भिंतीला धरून बसलीच खाली. “गौरीला सेंटाचा निवद! येशे, गौरीला सेंटाचा निवद दिलास गो!” नसीमभाभी हसता हसता म्हणाली, “तरीच! आमच्या मांजरीला चार दिवस बाकीच्या मांजरी रस्ता देत होत्या!” रवीसुद्धा हसत होता, दाराच्या चौकटीला डोकं टेकून.

मी मात्र एकटीकडेच बघत होते. मंजिरी हसत नव्हती. बॅग अजून तिच्या हातात होती. माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं, बुचावरच्या मिशांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. बराच वेळ बघितलं. बेचाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून मला कळायचं, हा घेणार की जाणार. त्या दिवशी काहीच कळेना.

मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून गेले होते. बॅग खाली ठेवली, फडताळावरची डोळ्याच्या औषधाची कुपी घेतली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हनुवटीला दोन बोटं लावून माझी मान वर केली, आणि म्हणाली, “वर बघा आई, थेंब घालते, म्हणजे आरशात चोर नीट दिसेल.”